बोल्ट तुटतो म्हणून मशीन कच्चं? (पऱ्हाटी श्रेडर, घरचा कारखाना आणि आप्पा)

भाता_ऐरण · 9 जानेवारी, रात्री 10:40

मंडळी, रामराम. बरीच वर्षं नुसता वाचक आहे. आज लिहायला बसलो, कारण घरात बोलून आता फक्त आवाज चढतो.

यावल-चोपडा पट्ट्यात आमचं शेतीअवजारांचं वर्कशॉप आहे. आजोबांचा भाता होता. वर्षभर गावाचे फाळ, पासा, कुऱ्हाडी पाजवायच्या आणि सुगीत खळ्यावरून धान्य आणायचं, असा त्यांचा व्यवहार. आप्पांनी (माझे वडील) वेल्डिंग आणलं. वखर-कोळपी मागे पडली, ट्रॅक्टरचे कल्टिव्हेटर आणि ट्रॉल्या सुरू झाल्या. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चार वर्षं पुण्यात होतो, मग परत आलो. आज शेडमध्ये आप्पा, काका, चुलतभाऊ, मी आणि सहा कारागीर आहोत. हिशोब आणि तक्रारींची वही वहिनीकडे (चुलतभावाची बायको).

तीन वर्षांपासून आम्ही पऱ्हाटीचं श्रेडर बनवतो, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं बारीक करणारं, ट्रॅक्टरमागचं यंत्र. 2017 ला गुलाबी बोंडअळीने काय केलं ते कापूसवाल्यांना सांगायला नको. तेव्हापासून फरदड (वेचणीनंतर तीच झाडं ठेवून पुन्हा घेतलेला कापूस) घेऊ नका, डिसेंबरात वावर मोकळं करा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, हे दरवर्षी ऐकतोय. पूर्वी चिमट्याने उपटून, भारे बांधून चुलीला नेत. आता घरोघरी गॅस आहे आणि उपटायला मजूर नाही. म्हणजे एकतर बांधावर पेटवा, नाहीतर बारीक करून मातीत घाला.

बाहेरून येणारी श्रेडर वाईट नाहीत, पण ती पाचट, गवत, भाताचा पेंढा डोळ्यांसमोर ठेवून केलेली वाटतात. आमच्याकडची बागायती पऱ्हाटी बुंध्याला अंगठ्याहून जाड, सुकली की लाकूडच. ती वरून कापली तर तिरका खुंट राहतो आणि तो ट्रॅक्टरचं टायर फाडतो. म्हणून पातं जमिनीला जवळजवळ टेकवून चालवावं लागतं. आणि दुसरी भानगड, जी आपल्या खान्देशातच जास्त: ठिबक. शेतकरी नळ्या गुंडाळतो, पण उंदराने कुरतडलेले तुकडे, मातीत दबलेली टोकं राहतातच. 16 मिमीची नळी रोटरला (पाती बसवलेला फिरता दांडा) लपेटली की सरकत सरकत बेअरिंगपाशी जाते, घासून वितळते, सील खाते. ग्रीस बाहेर, माती आत. दोन दिवसांत बेअरिंग ओरडायला लागतं.

हे आमच्या लक्षात आलं नव्हतं, वहिनीच्या वहीने आणलं. ती एक दिवस म्हणाली, "बेअरिंगच्या तक्रारी सगळ्या ठिबकवाल्यांच्या आहेत. कोरडवाहूवाल्याची एक पण नाही." आम्ही तोवर बेअरिंगची कंपनी बदलत बसलो होतो. मग रोटरच्या दोन्ही टोकांना टोपी बसवली आणि बाजूच्या पत्र्यावर आतून ट्रकच्या कमानपट्ट्याची (स्प्रिंगच्या पोलादाची) एक उभी पट्टी लावली, रोटरपासून 4 मिमी अंतरावर, धार लावून. नळी लपेटायला लागली की पट्टी तिला तिथेच कापते. त्यानंतर विकलेल्या मशीनमध्ये बेअरिंगचं रडगाणं थांबलं.

आता भांडणाचा मुद्दा. पीटीओच्या (ट्रॅक्टरचा जोर मशीनला देणारा मागचा फिरता दांडा) फ्लँजमध्ये, म्हणजे जोडचकतीत, मी 8 मिमीचा एक साधा बोल्ट टाकलाय, शिअर बोल्ट. दगड लागला, खुंट अडकला, की तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा. आप्पांना हेच मान्य नाही. "आपल्या शेडमधून तुटायसाठी केलेली वस्तू आजपर्यंत बाहेर गेली नाही." आणि शेतकरी त्यांच्याच बाजूचा. बोल्ट तुटला की तो हाय टेन्साइल, म्हणजे जास्त कडक बोल्ट, ठोकतो, कधी चक्क खिळा. मग पुढच्या दगडाला गिअरबॉक्समधल्या क्राउन-पिनियनचे दात जातात आणि मशीन आमच्या दारात: "भाऊ, तुमचं मशीन कच्चं आहे."

आप्पांचा उपाय: सगळं जाड करा. त्यांनी परस्पर एक मशीन तसं केलंही. साठ किलो वजन वाढलं, लहान ट्रॅक्टरने उचललं तेव्हा त्याची पुढची चाकं हवेत. चुलतभावाचा उपाय: बनवणंच बंद करा, गुजरातहून तयार माल आणा, आपलं स्टिकर लावा, दिवाळीला घर बांधा.

बोल्टचं काय करू? आणि त्या नळी कापणाऱ्या पट्टीचं पेटंट मिळतं का? अनुदानाच्या यादीत यायचं तर कुठून सुरुवात करू? अनुभवी लोकांनी लिहा.

केळीवाला_रावेर · 9 जानेवारी, रात्री 11:05

वाचतोय. केळीचं खोड चालेल का यात? पिलबाग (पिलांवर घेतलेलं दुसरं पीक) काढली की वावरात नुसते खांब पडलेले असतात.

भाता_ऐरण · 9 जानेवारी, रात्री 11:12

नाही दादा. खोडात पाणीच पाणी, आतला लगदा पत्र्याला लिंपला जातो आणि धागा रोटरला लपेटतो, नळीपेक्षा वाईट. करून बघितलंय, धुवायला अर्धा दिवस गेला.

पांझराकाठ · 10 जानेवारी, सकाळी 6:50

आमच्याकडे त्याला शेअर बोल्ट म्हणतात. दुकानात मागितला तर दुकानदार विचारतो, आज काय भाव आहे? :)

कपाशी_शिरपूर · 10 जानेवारी, सकाळी 7:30

मी तो खिळा ठोकणारा शेतकरी. तुमच्या मशीनवाला नाही, पण जातीचा तोच. माझी बाजू ऐका.

श्रेडर माझं नाही, भाड्याचं. ट्रॅक्टर तासावर. सकाळी नऊला सुरू केलं, साडेनऊला बोल्ट गेला. मशीनबरोबर एकही जास्तीचा दिलेला नाही. सर्वात जवळचं हार्डवेअर अकरा किलोमीटर. तिथे जा, तो म्हणणार 8 मिमी आहे पण लांबी वेगळी. परत ये, अकरा वाजले. ड्रायव्हर झाडाखाली बसून तंबाखू मळतोय आणि त्याचं मीटर माझ्या खिशातून चाललंय. अशा वेळी टूलबॉक्समध्ये जो बोल्ट सापडेल तो मी घालणार. गिअरबॉक्स कोणाचा आहे याचा विचार त्या उन्हात सुचत नाही.

तुम्ही लोक बोल्ट "मुद्दाम कच्चा" ठेवता ते बरोबर असेल. पण मला ते कोणी सांगितलं? मशीनवर कुठे लिहिलंय?

सेवानिवृत्त_फिटर · 10 जानेवारी, दुपारी 1:15

धागालेखक, मी भुसावळचा. संरक्षण खात्याच्या कारखान्यात 34 वर्षं फिटर म्हणून काढली. तुमच्या वडिलांचा राग मला कळतो, पण ते चुकताहेत. मात्र तुम्हीही अर्धे चुकताय. जरा माहिती द्या:

बोल्ट फ्लँजच्या मध्यापासून किती अंतरावर आहे? कोणत्या ग्रेडचा? त्याचा आट्यांचा भाग फटीत येतो की गुळगुळीत भाग? आणि फ्लँजचं भोक नुसतं ड्रिल केलंय की आत बुश (भोकात बसवलेली पोलादी नळी) आहे?

भाता_ऐरण · 10 जानेवारी, दुपारी 1:40

साहेब, 40 मिमीवर आहे. ग्रेड 4.6. भोक नुसतं ड्रिल केलेलं, बुश नाही. आटे बहुतेक फटीतच येतात.

सेवानिवृत्त_फिटर · 10 जानेवारी, दुपारी 3:05

मग ऐका. मी जुन्या पद्धतीने किलोमध्ये सांगतो.

4.6 मधला 4 म्हणजे 400, ही त्या पोलादाची ताणशक्ती, न्यूटन दर चौरस मिलिमीटर. 8.8 म्हणजे 800. 10.9 म्हणजे 1000. हे आकडे बोल्टच्या डोक्यावर उठवलेले असतात, कोणी वाचत नाही. कातरताना साधारण सहा दशांश ताकद धरायची. 8 मिमीच्या गुळगुळीत दांडीचं क्षेत्रफळ 50 चौरस मिमी. म्हणजे तुमचा 4.6 चा बोल्ट साधारण 1200 किलोला तुटणार. त्याच जागी शिरपूरच्या भाऊंनी 8.8 ठोकला की 2400. तुमचं गणित तिथेच दुप्पट झालं, पुढचा दुबळा माणूस म्हणजे गिअर.

आता 1200 किलो, 4 सेंटिमीटरवर. म्हणजे 48 किलोग्रॅम-मीटर पिळाला तो तुटेल. ट्रॅक्टर किती पीळ देतो? 716 गुणिले एचपी भागिले आरपीएम. लहान ट्रॅक्टर पीटीओला 30 एचपी देत असेल तर 540 वर 40 होतात. ठीक, बोल्ट टिकेल. मोठा ट्रॅक्टर पीटीओला 42 देत असेल तर 56 होतात. म्हणजे तो दगड न लागताही पूर्ण जोर लावला की बोल्ट तोडणार. मशीन कच्चं नाही, बोल्टचं भोक चुकीच्या जागी आहे.

तुमच्या वहिनींची वही उघडा. कोणाचे बोल्ट जास्त तुटतात, ते त्यांच्या ट्रॅक्टरच्या एचपीशी लावून बघा. मी पैज लावतो.

दुसरं, भोक. बिनबुशाचं भोक दोन-चार वेळा बोल्ट तुटला की अंडाकृती होतं. मग बोल्ट कातरत नाही, वाकतो, अडकतो, आणि काढताना शेतकरी छिन्नी-हातोडा घेतो. कडक केलेला बुश हवा, म्हणजे बोल्ट कात्रीत सापडल्यासारखा सरळ तुटेल. आणि आटे फटीत आणू नका, तिथे दांडी बारीक असते, केव्हा तुटेल त्याचा भरवसा नाही. लांब गुळगुळीत मानेचा बोल्ट घ्या.

तिसरं, ड्रायव्हर फुल रेसवर पीटीओ टाकतात का ते बघा. त्या एका झटक्यालाच अर्धे बोल्ट जातात.

गिरणाकाठ · 10 जानेवारी, सायंकाळी 5:20

काका, तुम्ही आमच्या कॉलेजला शिकवायला असता तर मी पास झालो असतो.

चाडं_पांभर · 10 जानेवारी, रात्री 8:10

भाऊ, तुम्हनं मशीन मन्हा वावरमा फसनं व्हतं गये साल. बोल्ट नही तुटना, नळी गुताई गई. ती पट्टीवालं मशीन कवयपासून देतस?

भाता_ऐरण · 10 जानेवारी, रात्री 8:25

दादा, मागच्या दिवाळीपासून. जुन्या मशीनला पण बसते, घेऊन या. पट्टीचे पैसे नाहीत, चहा तुमचा.

कज्जेदलाल · 10 जानेवारी, रात्री 9:50

पेटंटबद्दल. मी या क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं कडू लिहितो.

पेटंट अधिनियम 1970 प्रमाणे वस्तू नवी हवी, आणि नवी म्हणजे अर्ज करायच्या आधी ती जगासमोर आलेली नको. तुम्ही दिवाळीपासून पट्टीवाली मशीन विकताय, वर आज इथे 4 मिमी अंतरासकट सगळं लिहून टाकलंत. आता त्या पट्टीचं पेटंट विसरा. शेती करण्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, यंत्राला मिळतं, पण वेळेत गेलात तर.

डिझाइन नोंदणी वेगळी. ती 10 वर्षांची, पुढे 5 वर्षं वाढते. पण तिथे फक्त दिसण्याला संरक्षण आहे, पट्टी काय काम करते त्याला नाही, आणि तिथेही आधी बाहेर आलेलं चालत नाही.

पुढच्या वेळी काही सुचलं तर विकण्याआधी प्रोव्हिजनल अर्ज टाका. संपूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. लहान उद्योगाला फी कमी आहे. तोवर मशीनचं नाव तरी ट्रेडमार्कमध्ये नोंदवा. चुलतभावाला स्टिकरचा शौक आहेच, त्याच्याकडून हे काम करून घ्या.

भाता_ऐरण · 10 जानेवारी, रात्री 10:05

हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. ठीक आहे. अकलेचा दाखला मिळाला असं समजतो.

तापीतीर · 10 जानेवारी, रात्री 10:30

एवढं मनाला लावून घेऊ नका. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी बुलेट मोटरसायकलला मागे कोळप्याची दाती जोडली, बुलेट सांती. गावाकडचे संशोधक हुडकणाऱ्या हनी बी नेटवर्कने त्यांना शोधलं आणि पेटंटपर्यंत नेलं. गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानकडे अशा कारागिरांचीच कामं जातात. एकदा चौकशी करा.

आप्पांना किर्लोस्करांचीही गोष्ट सांगा. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल म्हणून लोक हात लावत नव्हते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. नंतर 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. लांब कशाला, आपल्या जळगावात भवरलाल जैन 1963 साली रॉकेल विकण्यापासून सुरू झाले आणि ज्या नळीने तुमची बेअरिंग खाल्ली ती नळी गावोगाव त्यांच्याच कंपनीने नेली.

भाता_ऐरण · 10 जानेवारी, रात्री 10:41

आप्पांना ही गोष्ट सांगितली. म्हणाले, "लक्ष्मणरावांचा नांगर तुटत नव्हता."

तापीतीर · 10 जानेवारी, रात्री 10:44

आप्पांना नमस्कार सांगा.

मुनीमजी · 11 जानेवारी, सकाळी 9:15

चुलतभावाला इतक्यात मोडीत काढू नका. मी हिशोब लिहितो अशा दोन वर्कशॉपचे. तयार माल आणून विकण्यात भांडवल महिना-दीड महिन्यात मोकळं होतं. बनवायचं तर पत्रा, अँगल, बेअरिंग उन्हाळ्यात भरून ठेवायचं आणि पैसा जानेवारीत. कापसाला भाव नसला की तोही उधार.

शिवाय कर. सप्टेंबर 2025 पासून शेतीयंत्रांवर जीएसटी 12 चा 5 टक्के झाला, शेतकऱ्याला बरं झालं. पण तुम्ही लोखंड 18 टक्क्यांनी घेता. वरचा फरक तुमच्या खात्यात अडकून पडतो. इन्व्हर्टेड ड्युटीचा परतावा मागता येतो, पण तो वेळेवर मागितला पाहिजे, बिलं नीट पाहिजेत. लहान कारखाने इथेच दम तोडतात, वेल्डिंगमध्ये नाही.

अनुदानासाठी: महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अर्ज शेतकरी करतो, पण तुमच्या मॉडेलला मान्यताप्राप्त केंद्राचा तपासणी अहवाल लागतो. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान 2014-15 पासून आहे, अल्प-अत्यल्प भूधारक आणि महिलांना 50 टक्के, इतरांना 40. तपासणीला आपल्याला राहुरीचं कृषी विद्यापीठ किंवा मध्य प्रदेशातलं बुदनी. बुदनीची संस्था 1955 पासूनची आहे. जाण्याआधी मशीनचं एक मापात बसणारं ड्रॉइंग लागेल. तुमचे आप्पा ड्रॉइंग काढतात का?

भाता_ऐरण · 11 जानेवारी, सकाळी 9:30

आप्पा खडूने शेडच्या फरशीवर काढतात. मग झाडू मारला की ड्रॉइंग गेलं.

सातपुडा_पायथा · 11 जानेवारी, दुपारी 12:20

बोल्ट, पेटंट, जीएसटी सगळं झालं, पण मागच्या पडद्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. आमच्याकडे वावरात दगड आहेत. श्रेडरने उडवलेला दगड मी पाहिलाय, शेजारच्या बांधावरच्या पत्र्याच्या खोपटात आरपार भोक. तिथे कोणी बसलं असतं तर?

माझ्या मामाची तीन बोटं मळणी यंत्रात गेली, मी तेव्हा सहावीत होतो. त्या यंत्राला घास टाकायचं तोंड म्हणजे नुसतं उघडं भोक होतं. मळणी यंत्रांसाठी 1983 पासून धोकादायक यंत्रांचा कायदा आहे. तोंड किमान 90 सेंटिमीटर लांब, त्यातलं 45 सेंटिमीटर वरून झाकलेलं हवं, म्हणजे हात सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. श्रेडरला असं काही कोणी विचारत नाही म्हणून करायचं नाही असं नको. साखळ्यांचा पडदा आहे का तुमच्या मशीनला?

सेवानिवृत्त_फिटर · 11 जानेवारी, दुपारी 2:00

अगदी योग्य मुद्दा. रोटर 1800 आरपीएमवर असेल आणि पात्याचं टोक मध्यापासून 25 सेंटिमीटरवर, तर टोकाचा वेग ताशी 170 किलोमीटर होतो. दगड त्याच वेगाने निघतो.

आणि वजन. समोरासमोरच्या दोन पात्यांत 50 ग्रॅमचा फरक असला तर त्या वेगाला बेअरिंगवर 45 किलोचा धक्का बसतो, सेकंदाला 30 वेळा. पाती जोडीने तोलून लावता ना?

भाता_ऐरण · 11 जानेवारी, रात्री 9:00

साखळ्या आहेत, पण एकेरी ओळ. दुहेरी करतो, शब्द देतो.

पात्यांबद्दल: हे खातं आप्पांचं. जुन्या ट्रकच्या कमानपट्ट्याचं पातं ते स्वतः तापवतात, तेलात विझवतात, मग पुन्हा भट्टीच्या कडेला धरून रंग बघतात. आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा सरकतो, मग तांबूस, मग जांभळा, आणि निळा आला रे आला की ओढलंच बाहेर. पिवळ्यावर काढलं तर दगडाला पातं काचेसारखं फुटतं, निळ्याच्या फार पुढे गेलं तर धार टिकत नाही. रंग पाहताना ते कोणाशी बोलत नाहीत, फोन तर नाहीच. आम्ही एकदा तयार बोरॉन स्टीलची पाती आणून लावली होती. चांगली चालली. आप्पा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

तोलायचं काम वहिनी करते, किराणा दुकानाच्या काट्यावर. 10 ग्रॅमच्या वर फरक असला की ग्राइंडरकडे परत.

मिरची_नंदुरबार · 11 जानेवारी, रात्री 9:25

हा धागा वहिनींनी लिहायला हवा होता. त्यांना बोलवा.

वहीवाली · 13 जानेवारी, रात्री 10:15

आले. धाकट्या भाऊजींनी खातं काढून दिलं. मराठी टायपिंगची सवय नाही, सांभाळून घ्या.

फिटर काकांनी सांगितलं तसं वही लावून बघितली. मी गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर लिहून ठेवते, कारण उधारी वसूल करताना कोणाकडे काय आहे ते माहीत असलेलं बरं. आतापर्यंत 42 मशीन गेली. बोल्ट वारंवार तुटतो अशी तक्रार 14 जणांची. त्यातले 11 मोठ्या ट्रॅक्टरवाले. उरलेल्या तिघांपैकी दोघं डोंगराकडचे. एक मात्र लहान ट्रॅक्टर, सपाट काळी जमीन, तरी चार दिवसांत नऊ बोल्ट. त्यांना फोन केला. त्यांचा मुलगा फुल रेसवर पीटीओ टाकतो. तो म्हणाला, हळू टाकलं तर मजा येत नाही.

काका पैज जिंकले. काय लावली होती?

दुसरं. आमच्या यांनी (स्टिकरवाले) सुचवलंय की बोल्टचं माप बाजारात न मिळणारं करू, 7 मिमी. मग शेतकऱ्याला आपल्याकडेच यावं लागेल, दुसरा घालताच येणार नाही. गिअरबॉक्सही वाचेल. ऐकायला बरं वाटतं. पण शिरपूरच्या दादांनी लिहिलंय ते वाचून मी नको म्हटलं. अकरा किलोमीटरचे तीस होतील त्यांचे.

कपाशी_शिरपूर · 13 जानेवारी, रात्री 10:32

ताई, तुमचे उपकार. 7 मिमी केलात तर मी 7 मिमीचाच खिळा शोधीन.

सेवानिवृत्त_फिटर · 13 जानेवारी, रात्री 10:50

पैज अशी की आप्पांच्या हातचं एक विळीचं पातं मला पाहिजे. निळ्यावर काढलेलं.

उपाय सांगतो. त्याच फ्लँजवर दोन वर्तुळांवर भोकं पाडा. आतलं 40 मिमीवर, बाहेरचं 55 वर. बोल्ट तोच, 8 मिमी, 4.6. लहान ट्रॅक्टरला आतलं भोक, 48 ला तुटेल. मोठ्याला बाहेरचं, 66 ला तुटेल. फक्त तुमचा गिअरबॉक्स 66 च्या वर निर्धास्त सोसतो का, ते तो बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. सगळ्या भोकांत कडक बुश.

आणि जास्तीचे बोल्ट पिशवीत देऊ नका, पिशवी घरी राहते. मशीनच्या अंगावरच द्या. मी वरणगावला काडतुसांत आयुष्य काढलेल्या माणसांबरोबर बसतो, म्हणून हेच सुचतं: फ्रेमवर एक जाड पट्टी वेल्ड करा, तिच्यात 12 आट्यांची भोकं, आणि त्यात 12 बोल्ट पिळून ठेवा. काडतुसाच्या पट्ट्यासारखे. तुटला की काढा एक.

पांझराकाठ · 13 जानेवारी, रात्री 11:02

गब्बर श्रेडर. किती बोल्ट होते? :)

मुनीमजी · 14 जानेवारी, सकाळी 8:40

संक्रांतीच्या शुभेच्छा सर्वांना. 12 बोल्टांचा खर्च एका गिअरबॉक्सच्या ऑइलसीलइतकाही नाही. करून टाका.

केळीवाला_रावेर · 22 जानेवारी, दुपारी 4:00

पुढे काय झालं?

भाता_ऐरण · 16 फेब्रुवारी, रात्री 11:20

उशीर झाला, सीझन चालू होता. सविस्तर लिहितो.

दोन वर्तुळांची फ्लँज केली. गिअरबॉक्सवाल्याने लेखी दिलं. बुश करायला आप्पांकडे जायला कोणाची हिंमत होईना, शेवटी वहिनीने पोह्यांबरोबर विषय काढला, "आप्पा, ते भोक वाकडं होतं, तुमच्यासारखं कडक काहीतरी पाहिजे तिथे." ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी भट्टीपाशी आठ बुश ठेवलेले दिसले. एक फाइल घेऊन घासून बघितली, दात लागेना, फाइल नुसती सरकली.

मग त्यांना एकदा वावरात नेलं. डोंगराकडचं शेत होतं, सातपुडा_पायथा यांच्याच बाजूचं. तिसऱ्या तासाला ठक्क आवाज आला आणि रोटर थांबला. ट्रॅक्टर चालूच. आप्पा खाली वाकले. दगड पात्याखालून काढला, नारळाएवढा. बोल्टचे दोन तुकडे हातात घेतले, तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला. सरळ तुटला होता, सुरीने काकडी कापल्यासारखा. मग त्यांनी पट्टीतून एक बोल्ट काढून स्वतःच घातला. मी घड्याळ लावलं होतं, सव्वा तीन मिनिटं. परत येताना गाडीत म्हणाले, "बाहेरच्या भोकाला लाल रंग दे. लहान ट्रॅक्टरवाला पण तिथेच घालील." एवढंच.

लाल रंग दिलाय. फ्रेमवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय: "हा बोल्ट तुटण्यासाठीच आहे. पट्टीतलाच घाला." अक्षर चुलतभावाचं, त्याने सुंदर स्टिकर केलं. (हो, आणि नाव ट्रेडमार्कला त्यानेच टाकलं. बाहेरचा माल आणायचा विषय अजून सोडलेला नाही त्याने, पण मल्चिंग पेपरचं मशीन आणतो म्हणतोय, श्रेडर नाही.) साखळ्या दुहेरी झाल्या. राहुरीला चौकशी केली, ड्रॉइंग मीच बसून काढतोय, फरशीवर झाडू लागायच्या आत.

अशी 6 मशीन गेली. गिअरबॉक्स एकही परत आला नाही, पण सहा मशीन म्हणजे काय, अजून एक सीझन जाऊ द्या.

वहीवाली · 17 फेब्रुवारी, सकाळी 7:10

एक राहिलं. मशीन सर्व्हिसिंगला आलं की मी आधी पट्टी बघते. किती भोकं रिकामी, तेवढे बोल्ट तुटले. आता शेतकऱ्याला विचारायला नको, वहीत सरळ आकडा लिहिते. काल एक आलं, 12 पैकी 10 रिकामी आणि एका भोकात सायकलचा स्पोक. विचारलं तर म्हणाले, पोरं खेळत होती.

चाडं_पांभर · 17 फेब्रुवारी, सकाळी 9:00

वहिनी, मन्हा जुना मशीनले बी ती पट्टी लाई देशात का? नळीनी पट्टी बी आनि बोल्टनी पट्टी बी.

वहीवाली · 17 फेब्रुवारी, सकाळी 9:20

या ना भाऊ. फक्त बुधवारनंतर या, बोल्ट संपलेत. इथला दुकानदार 4.6 ठेवत नाही, म्हणतो, "वहिनी, एवढा हलका माल कोणी मागत नाही, 8.8 न्या की." जळगावहून कोणी येणार असेल तर 8 मिमीचे, लांब मानेचे दोनशे आणाल का? पैसे लगेच देते.